टिंबासकट पत्ता

बाबांचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. त्यामुळे लेकीला आकडे सांगायचे, तर तेही टिंबासकट.

लेक दूरच्या शहरात इमारतींचे नकाशे काढायची. जुनं सगळं काम घरच्या कॉम्प्युटरवर. तिकडून तो उघडायला घराचा इंटरनेटवरचा पत्ता लागे, आणि तो मेला रोज बदले. बाबा झोपताना घरातलं एकूण एक बटण बंद करत. सकाळी सुरू केलं की इंटरनेटची कंपनी नवाच आकडा हातावर ठेवी. मग फोन.

"लिही. दोनशे तीन. टिंब. शून्य."

"शून्य?"

"शून्यच. आता वाचून दाखव. आणि काल जेवलीस का?"

एकदा मीटिंगमध्ये फोन वाजला आणि साहेबांनी भुवया उंचावल्या. सुट्टीत घरी येऊन तिने एक प्रोग्रॅम बसवला. पत्ता बदलला की मशीन आपणहून कळवणार. तिने आकड्यांऐवजी फक्त ठरलेलं नाव टाकायचं.

"कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा तेवढे रात्रंदिवस चालू ठेवा, बाबा."

"म्हणजे मला दुसऱ्यांदा रिटायर केलंस!"

"अहो, त्रास वाचला तुमचा."

"त्रास कुणाला होता गं?"

दोघंही हसली. ती परत गेली. बाबांचे फोन आधी दिवसाआड झाले, मग आठवड्याने. कामाशिवाय पोरीला कशाला छळायचं!

तिच्या मनात मात्र जुनाच हिशेब होता: तिकडून घरचा कॉम्प्युटर उघडला की घर उघडलं, म्हणजे बाबा उठले. गुरुवारी कंपनीने पत्ता बदलला, मशीनने कळवला, घर उघडलं. ती निश्चिंत. शुक्रवारीही तेच.

शनिवारी शेजारच्या मावशींचा फोन आला. "अगं, तीन दिवसांचे पेपर दारातच पडलेत. हाका मारून घसा बसला माझा."

दार फोडावं लागलं. बाबा मोरीपाशी पडले होते. श्वास चालू होता, वाचा गेली होती. टेबलावर कॉम्प्युटर इमानेइतबारे घुमत होता.

संध्याकाळी ती पोचली, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "नीट बोलताना शेवटचं कधी ऐकलंत?"

घर किती वाजता उघडलं, ते तिला मिनिटापर्यंत सांगता आलं असतं. तिने मावशींकडे पाहिलं.

मावशी हळूच म्हणाल्या, "बुधवारी संध्याकाळी. माझ्याशी. म्हटलं, पोरीला फोन लावून देऊ का? तर म्हणाले, नको, कामात असेल."

डॉक्टरांनी लिहून घेतलं, बुधवार. तिने बाबांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला.