पलंगाखालची बॅटरी

डोंगरातल्या मुक्कामासाठी सजवलेल्या व्हॅनमधली लिथियम बॅटरी पलंगाखालीच बसवायची, यावर मास्तर अडून बसले होते. बायकोचं दम्याचं यंत्र त्या बॅटरीवरच चालणार होतं.

मेहुणा हसला. "दाजी, बॅटरीला अंगाईही गाणार का? माझ्या व्हॅनसारखी गाडीच्या बाहेर लावा. जागा वाचेल."

"गारठलेली लिथियम चार्ज होत नाही," मास्तर म्हणाले आणि स्क्रू पिळत राहिले.

डोंगरावर सकाळी काचांवर बर्फ जमला होता. रात्रीत दोघांच्याही बॅटऱ्या उतरल्या होत्या. टपांवरच्या सोलर पॅनेलवर ऊन आलं. मेहुण्याची गारठलेली बॅटरी काही केल्या चार्ज होईना. मास्तरांची उबेतली बॅटरी मात्र लगेच चार्ज होऊ लागली. बायकोने निवांत वाफ घेतली.

मेहुणा आपली बॅटरी काढून घेऊन दारात घुटमळला. "ताई, पलंगाखाली आणखी एकीची सोय होईल?"

"आधी तिचा चिखल पूस," ताई म्हणाली.