वाळूवर आडवे व्हा

कुठला ड्रोन घ्यायचा हे संचालकांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आठ पंख्यांचा, काळाभोर, हवेत एका जागी खिळल्यासारखा उभा राहणारा. विक्रेत्याने किनारा-संशोधन केंद्राच्या गच्चीवरून तो उडवून दाखवला तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपले. पडद्यावर खालच्या स्कूटरची नंबरप्लेटसुद्धा वाचता येत होती. खरेदी अधिकारी तर असा खूश झाला, जणू ती स्कूटर चोरीला गेली होती आणि आता सापडली.

एकट्या ताईने नाक मुरडलं. केंद्रात सगळेच जिला ताई म्हणत ती पक्षी-संशोधक, आणि संचालकांची सख्खी धाकटी बहीण. घरी तो दादा, केंद्रात सर. हा नियम तिनेच घातला होता आणि आजवर पाळलाही होता. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. तिथे सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात, ना काड्यांचं घरटं ना कसला आडोसा. येत्या सोमवारी त्यांची मोजणी होती आणि ती या नव्या ड्रोनने व्हायची होती.

ताईला हवा होता तो दुसरा, छोटा, खेळण्यातल्या विमानासारखा, हाताने भिरकावून सोडायचा. त्याला एका जागी थांबता येत नाही, तो बराच उंचावरून जातो आणि फोटोही जरा पुसट काढतो. विक्रेता हसला. मोठ्या ड्रोनला तीस मीटरवरून अंड्यावरचे ठिपके दिसतील, असं त्याने ठासून सांगितलं. आणि अंड्यावर बसलेल्या मादीला काय दिसेल, असं ताईने विचारलं. दादाने घड्याळ पाहिलं. खरेदीच्या कागदावर सही कर, नाहीतर मोजणी दुसऱ्या कुणाकडे तरी देतो, एवढंच तो म्हणाला.

ताईचा पारा चढला. याच माणसाने लहानपणी तिला पोटावर सरपटत पक्ष्यांजवळ जायला शिकवलं होतं, आणि आता त्याला नंबरप्लेटी वाचायच्या होत्या!

“सही करते,” ती म्हणाली. “पण गच्चीवरची चाचणी मी मानत नाही. वाळूवर या. सगळ्यांनी आडवं व्हायचं, आणि ड्रोन डोक्यावरून जाईपर्यंत उठायचं नाही.”

खरेदी अधिकाऱ्याने कंबरेचं दुखणं पुढे केलं. ताई ऐकते कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी, दांड्यापासून दूर मोकळ्या किनाऱ्यावर, तिघं आकाशाकडे तोंड करून पडली. दादाची इस्त्रीची पँट वाळूत होती आणि कपाळावर आठ्या होत्या.

विक्रेत्याने आधी छोटा सोडला. बऱ्याच वेळाने खरेदी अधिकाऱ्याने विचारलं, सुरू कधी करणार म्हणून. तोवर छोटा ड्रोन डोक्यावरून दोनदा जाऊन आला होता.

मग मोठा आला. लाटांचा आवाज त्याने गिळूनच टाकला. डोक्यावर येऊन तो थांबला, आणि वारा ढकलायला लागला तसा जागा धरून ठेवायला आणखीच गुरगुरायला लागला. खरेदी अधिकारी कंबर विसरून लोळतच बाजूला झाला. दादाने दात-ओठ खाऊन तग धरला, आणि मग डोक्यावर हात घेऊन ताडकन उठला.

ताई अजून पडूनच होती.

“उठलास, दादा,” ती सगळ्यांसमोर म्हणाली.

तो वरमला. पँटवरची वाळू झटकत म्हणाला, “दचकलो गं. क्षणभरच तर उठलो.”

“अंड्यावरची मादीही क्षणभरच उठते. तू पँट झटकतोयस ना, तेवढा वेळ कावळ्याला अंडं उचलायला पुरतो.”

दादाचा हात पँटवरच थांबला. वर तो काळा ड्रोन अजून गुरगुरत होता. विक्रेत्याने दुरून ओरडून विचारलं, आणखी थोडा खाली आणू का.

“उतरवा तो,” दादा म्हणाला, “आणि गाडीत ठेवा. सोमवारी छोटाच जाईल.”

मग त्याने ताईकडे न बघताच विचारलं, गेल्या वर्षी किती अंडी गेली. ताईने सांगितलं. तो तिच्या शेजारी वाळूवर पुन्हा आडवा झाला.