घोडीचे मागचे पाय

आमच्या ह्यांना घोड्यातलं सगळं कळायचं. घोड्याला चार पाय असतात, एवढंच तेवढं माहीत नव्हतं.

हे म्हणजे माझे यजमान, प्रभाकरराव. सुरतेत एका बँकेत हेडक्लार्क. अठवा लाइन्सला आमचं भाड्याचं घर, मागे ऐसपैस अंगण आणि अंगणाच्या टोकाला तापीकडे जाणारा उतार. ह्यांच्या घराण्यातला कुणी शिलेदार तीनशे वर्षांपूर्वी सुरत लुटायला आला होता, असं हे प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवत. त्या लुटीतलं आपल्या वाट्याला काय आलं, असं मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तेव्हापासून "सुनंदा, तुला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज वापरलं जाई.

सहासष्टच्या शिवजयंतीला मिरवणुकीत खराखुरा घोडेस्वार सरदार हवा, असं मराठी मंडळाने ठरवलं. सरदार कोण, हा प्रश्नच नव्हता. ह्यांनी छाती पुढे काढली आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणायची असं जाहीर करून टाकलं. मलाही नेलं, कारण डबे कोण करणार?

माझे वडील धुळ्याला जनावरांचे डॉक्टर. परकराच्या वयापासून मी घोड्यांची तोंडं धरून उभी राहिलेली. पण हे यात्रेत मला दहा पावलं मागे ठेवून चालले होते. एका घोडीपाशी थांबले. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. गळ्यावर केसांचा भोवरा, म्हणजे देवमण, दोन्ही शुभ. विकणाऱ्याने दोन्ही गोष्टी बोट ठेवून दाखवल्या. ह्यांनी घोडीचे दात पाहिले, जाणत्यासारखे हुंकारले. दातांवरून ह्यांना काय कळलं ते दातच जाणोत.

"जरा चालवून मागून बघा ना," मी म्हटलं.

"बायकांनी घोड्याच्या मागे उभं राहू नये," हे म्हणाले. विकणारा खो खो हसला. त्याला हसायला कारणही होतं, कारण त्याची घोडी पुढून राणी होती आणि मागून रडकथा. मागचे खूर जमिनीवरून घासत नेत होती, पाय पोटाखाली घेतच नव्हती, पाठीवर ओझं आलं की कंबर खचत होती. मोकळी चरायची सोडून दावणीलाच वाढलेली असणार. जनावराचा काही दोष नाही. दोष भोवरे मोजणाऱ्या माणसांचा.

घोडी सुरतेला आली. ह्यांनी नाव ठेवलं रणरागिणी. मी तिला चिंगी म्हणे.

पहिल्याच रविवारी हे फेटा बांधून बसले. शेजारीपाजारी गोळा झाले. हे अंगणभर फिरले आणि ऐटीत तापीकडच्या उताराला लागले. चढून परत येताना चिंगीचे मागचे पाय सरकले, ती ढुंगणावर बसली आणि आमचे शिलेदार तिच्या शेपटीवरून घसरत धुळीत उतरले. फेटा मात्र डोक्यावरच राहिला, हे कबूल केलं पाहिजे.

नाचता येईना अंगण वाकडं. घरात आल्याआल्या ह्यांनी फर्मान काढलं. "घोडी खोडीची आहे. शिवजयंतीपर्यंत सुधारली तर ठीक, नाही तर तापीतल्या रेतीवाल्यांना देऊन टाकणार."

रेतीवाल्यांची जनावरं मी रोज बघत होते. ओल्या रेतीची पोती लादून ती पात्रातून वर चढत. असल्या कंबरेची घोडी तिथे पावसाळाही पाहणार नाही. त्या घरात मला आवडणारा असा तो एकच जीव होता, आणि तिला मी जाऊ देणार नव्हते.

मग हे सायकलवरून बँकेत गेले की आमची शाळा भरे. तिच्यावर बसायचं नाही, दोरी हातात धरून जमिनीवर उभं राहूनच शिकवायचं. आधी अंगणात बांबू आडवे टाकले आणि तिला त्यांवरून सावकाश चालवलं. सुरुवातीला प्रत्येक बांबू खुराला लागून घरंगळे. मग ती पाय उचलू लागली. नंतर कुशीजवळ नुसतं बोट नेलं की पुढचे पाय जागेवर ठेवून मागचा भाग बाजूला फिरवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागे सरणं. मी समोर उभी राहून तळहात दाखवायचा, नाकावरची दोरी हलकी दाबायची, की तिने एकेक पाऊल मागे घ्यायचं. मागे सरताना जनावराला कंबर वाकवावीच लागते, मागचे पाय पोटाखाली घ्यावेच लागतात. पाऊल नीट पडलं की दोरी सैल आणि गुळाचा खडा. सपाटीवर जमलं, तेव्हा उतारावर उलटं चढवायला लागले.

शेजारच्या मालतीबाई कुंपणावरून बघत. "अगं, घोडी उलटी कसली चालवतेस? नवरदेवाची घोडी एक पाऊल माघारी सरली तरी वऱ्हाड वरात थांबवतं. अपशकुन असतो."

"हिच्यावर कुठे नवरदेव बसणारेत?" मी म्हटलं. "आमचे हे तर कधीचे बसून घसरले."

चिंगी पालटली. मांड्या भरल्या, पाठ उचलली गेली, चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडू लागला. ह्यांना त्यातलं काही दिसलं नाही. हे संध्याकाळी येत, ओट्यावर खुर्ची टाकून "मान वर ठेव तिची! मान!" असं ओरडत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मिरवणुकीच्या दिवशी हे जरीच्या अंगरख्यात बसले. कमरेला मंडळाच्या नाटकातली तलवार. चिंगी नानपुऱ्यातून भागळीपर्यंत इतकी डौलात चालली, की दुकानातली माणसं फळीवर उभी राहून बघत होती. पुलाचा चढसुद्धा एकदाही न घसरता चढली. हार मात्र ह्यांच्या गळ्यात पडले.

"प्रभाकरराव, घोडी तयार कुणी केली हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच," हे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "सगळी मेहनत माझी. रक्तातच आहे आमच्या."

मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या रांगेत आरतीचं तबक धरून उभी होते. तबकात जड काही नव्हतं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानदेशी बन्सीलाल दारात हजर. लिंबायतला त्याचा लग्नाच्या बँडचा आणि घोड्यांचा धंदा होता. मिरवणुकीत बँड त्याचाच. हे म्हणाले, "सौदा कालच झाला. घेऊन जा."

"मला विचारलंत?" मी म्हटलं.

"तुला त्यातलं काय कळतं? मिरवणूक झाली. आता वर्षभर तिला फुकट खायला घालायचं? पुढच्या वर्षी दुसरी आणू, मी तीही तयार करीन."

म्हणजे हिला रेतीपासून वाचवायला मी जी राबले, त्यानेच ती विकण्याजोगी झाली होती. आता उन्हातान्हात वरातीत उभी राहणार, कानाशी ताशे आणि पायाशी फटाके. माझ्या डोक्यात संताप भिनला. ह्यांच्याबद्दल मला राग यायचा कधीच थांबला होता, पण त्या सकाळी तो पुन्हा आला.

बन्सीलालने घोडी मागून-पुढून नीट पाहिली, मान डोलावली आणि दोरी हातात घेऊन तिला फाटकाकडे वळवलं. मी फाटकाशेजारी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या खाली ठेवला आणि तळहात वर केला.

चिंगी थांबली. मग एक पाऊल मागे सरली.

बन्सीलालने दोरी ओढली. नाकावरची दोरी आवळली, तशी ती आणखी मागे गेली. त्याने जोर लावला, ती आणखी मागे. किती सुरेख सरत होती! कंबर वाकलेली, एकेक खूर मोजून मापून. "द्या इकडे," म्हणून ह्यांनी दोरी हिसकावली आणि दोन्ही हातांनी खेचली. ती अंगण ओलांडून ओट्यापर्यंत उलटी गेली आणि दोरीबरोबर हेही फरफटत.

बन्सीलालने कानाला हात लावले. "भाऊसाहेब, हाई घोडी माले नको. मंडपना दारशी नवरदेव मांगे जाई तं वऱ्हाडी माले जित्ता सोडतीन का?"

"अरे, आजच काहीतरी बिनसलंय तिचं!"

"घरमाच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि चपला पायात सरकवून चालता झाला.

ह्यांचा चेहरा लाल झाला. "रेतीवाल्यांना देतो हिला! आजच देतो!"

"द्या की," मी म्हटलं. "फक्त मंडळात काय सांगाल ते ठरवून ठेवा. घोडी उलटी चालते म्हणून रेतीला घातली, असं सांगाल? कुणी शिकवलं म्हणतील. काल तर चारचौघांत तुम्हीच म्हणालात, सगळी मेहनत माझी."

ह्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. तो अजून वरच होता.

मी तो सावकाश खाली घेतला. चिंगी सरळ माझ्याकडे चालत आली आणि पदराला बांधलेला गूळ हुंगू लागली. हे दोरीचं टोक धरून तिच्या मागे उभे होते. जिथे यात्रेत उभं राहायला हवं होतं, तिथे.

"दोरी सोडा," मी म्हटलं. "तिच्या पायात येतेय."

त्यांनी सोडली.