डुक्कर फियाटचा भाव

सोमेश हत्तरगीच्या दारात एक फियाट उभी असायची. एकोणीसशे अठ्ठावन्न सालची, बदामी रंगाची, नाक फुगवून बसलेली. उभा महाराष्ट्र या गाडीला डुक्कर फियाट म्हणतो, पण सोमेशसमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. "लिंगायताच्या दारात डुक्कर कुटनं आलं?" असं डाफरून तो सगळ्यांना 'सरकार' म्हणायला लावायचा. सरकारला रोज शाम्पू होता, अमावस्येला लिंबू-मिरची होती, पावसाळ्यात नवी ताडपत्री होती. बायकोला, म्हणजे दानेश्वरीला, डोक्याला तेल लावलेलं असलं की मागच्या सीटवर बसायची बंदी होती. कव्हराला डाग पडतो म्हणून.

मंगळवार पेठेत सोमेशचं भुसार मालाचं दुकान होतं, पण तिथं तूरडाळीपेक्षा गाडीचाच भाव जास्त निघायचा. "बंगळूरचा एक शेट आला हुता. धा लाख टेबलावर ठिवलं. म्हटलं, उचला." पुढच्या गड्ड्याच्या जत्रेत त्या दहाचे बारा झाले आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत पंधरा. तो शेट कुणी कधी पाहिला नाही. सोलापूरकरांनीही खोदून विचारलं नाही. बोलण्यावर जीएसटी लागत नाही, मग माणूस हात आखडता कशाला घेईल?

अशा या सोमेशनं आणि दानेश्वरीनं चौदा वर्षांचा संसार राजीखुशीनं मोडायचं ठरवलं. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. मारझोड नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. होता तो फक्त सोमेश, आणि तो रोज होता.

बाकीचं सगळं वकिलांनी सुतासारखं सरळ केलं. जुळे सोलापुरातलं घर त्याचं, दुकान त्याचं. तिचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा तिचा. घोडं अडलं ते सरकारपाशी. गाडी मूळची सोमेशच्या वडिलांची, आप्पांची. ते गेल्यावर वळसंगच्या मळ्यात कडब्याखाली गंजत पडली होती. तिला पुन्हा उभी करायला दानेश्वरीच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. "सोडवून आणतो की," असं सोमेश म्हणाला होता. पाटल्या गेल्या त्या गेल्याच, आणि बंपर तेवढा चकाकायला लागला. तेव्हा गाडीत निम्मा हिस्सा माझा, असं दानेश्वरी म्हणाली. सोमेशला नाही म्हणता येईना. पाटल्यांची गोष्ट साऱ्या नात्याला ठाऊक होती.

प्रश्न एवढाच राहिला, की निम्मा म्हणजे कशाचा निम्मा?

आणि इथं गंमत झाली. इतकी वर्षं पंधरा लाखांच्या खाली न उतरणारा सोमेश कोर्टातल्या मध्यस्थ बाईंसमोर हात जोडून म्हणाला, "भंगार हाय मॅडम ते. पत्रा सडलाय." साक्षीला त्यानं एक गॅरेजवाला नेला. त्यानं तीस हजार सांगितले. दानेश्वरीनं पुण्याहून जुन्या गाड्यांचा जाणकार आणला. तो सात लाख म्हणाला. मध्यस्थ बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एकाच गाडीबद्दल बोलताय ना दोघं? घरच्या घरी ठरवून या."

सोमेश बाहेर आला तो घामाघूम होऊन. पैशाचं दुःख होतंच. पण 'भंगार' हा शब्द आपल्याच तोंडून निघालाय आणि तो पेठेत पोचला तर आपलं काय, या विचारानं त्याला जेवण गेलं नाही. त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. गाडी राहिली पाहिजे, दानेश्वरीला कमीत कमी दिलं पाहिजे आणि लोकांत पंधरा लाख पंधरा लाखच राहिले पाहिजेत. एवढ्याशा मागण्या, पण देव काही तिन्ही एकदम द्यायला तयार होईना.

तो प्रश्न सोडवला गुरुबसप्पा अण्णांनी. अण्णा म्हणजे नात्यातले सगळ्यांत जाणते, असं निदान अण्णांचं स्वतःचं मत होतं. तरुणपणी ते बैलबाजारात दलाली करायचे. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी खांद्यावरचा टॉवेल आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय राहिली. दोन्हीकडच्यांनी त्यांना पंच म्हणून मानलं, कारण न मानलं असतं तरी ते आलेच असते.

रविवारी सकाळी सोमेशच्या अंगणात बैठक भरली. सरकार मधोमध उभी, भोवती नातेवाईक आणि पेठेतले तिघे व्यापारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हातात सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा. दानेश्वरी कुंभारीहून, भावाच्या घरून, रिक्षानं आली होती. वळसंगहून सोमेशचा धाकटा भाऊ सिद्धलिंग आला होता. "तुजं काय म्हणणं हाय का गाडीवर?" अण्णांनी त्याला आधीच विचारून घेतलं. "मला काय करायचीय गाडी," सिद्धलिंग म्हणाला, "आमच्या वाटंवर ती चालायची बी न्हाय." सोमेशला हायसं वाटलं.

अण्णा गाडीला एक प्रदक्षिणा घालून आले. सवयीनं त्यांनी बॉनेटवर थाप मारली. तोंड उघडून दात बघायचे तेवढे बाकी ठेवले.

"मला गाडीतलं काय बी कळत न्हाय," ते म्हणाले, "पण भाव कसा काडायचा ते कळतंय. बाजारात आमी बैलाचा भाव कदी तोंडानं बोललो न्हाय. टॉवेलाखाली हात घालायचा आन् बोटं दाबायची. बगणाऱ्याला नुसता टॉवेल दिसतोय. हितं बी तसंच करू. एक बोट म्हंजे धा हजार. मनगट धरलं की लाख. जितकी लाखं, तितक्यांदा मनगट. दोगांनी एकेकदा हात घालायचा. ज्याचा आकडा जास्त, त्याची गाडी. त्यानं आपल्या आकड्याचं निम्मं दुसऱ्याला द्यायचं. आकडा माज्या पोटात राहील, मी मातीत गेलो तरी भायेर यायचा न्हाय."

"आन् हरलेल्याला वाडवायचं असलं तर?" कुणीतरी विचारलं.

"वाडवू दे की. पण मग टॉवेल न्हाय. उबं राहून, तोंडानं बोलायचं. आदी किती दाबलं हुतं ते सांगायचं, मग नवा आकडा."

सोमेशला अण्णांचे पाय धरावेसे वाटले. त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला. दानेश्वरीला गाडी नको, पैसा पाहिजे. तिला चालवता येत नाही. ती सात लाख सात लाख करते ते निम्मे पदरात पडावेत म्हणून. म्हणजे ती कमीच दाबणार आणि आपल्या जिंकण्याची वाट बघणार. मग आपण उगाच जास्त कशाला दाबायचं? आणि टॉवेलाखालचं तर कुणाला दिसत नाही! उद्या पेठेत बसून सांगता येईल, साडेसात लाख मोजले बायकोला, सरकार सोडली न्हाय. तिन्ही गोष्टी एका टॉवेलात. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

तो ऐटीत पुढं गेला. टॉवेलाखाली हात घातला आणि अण्णांची पाच बोटं दाबली, मग तीन. ऐंशी हजार.

अण्णांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी हयातभर मरतुकड्या बैलांचेही भाव ऐकले होते, पण पंधरा लाखांचा बैल ऐंशी हजारांवर आलेला प्रथमच हाताला लागत होता. "साका?" त्यांनी हळूच कानडीत विचारलं, एवढ्यावर भागलं का म्हणून.

"साकु," सोमेश म्हणाला. पण हात लगेच काढला तर लोक काय म्हणतील? पंधरा वेळा मनगट धरायचं म्हणजे वेळ लागायला हवा. म्हणून तो डोळे मिटून, ओठ चावून, टॉवेल उगाच हलवत उभा राहिला. खुर्च्यांतून कुजबुज सुरू झाली. "मोजतोय रे अजून!" "धा झाले असतील बग." सिद्धलिंगानं तर सुशीलाची बशी खाली ठेवली. शेवटी एक मोठा सुस्कारा टाकून सोमेशनं हात बाहेर काढला आणि रुमालानं कपाळ पुसलं. जणू खरंच काही दिलं होतं.

मग दानेश्वरी उठली. पदर खोचला, टॉवेलाखाली हात घातला आणि काढला. टॉवेल धड हललासुद्धा नाही.

 अण्णांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "गाडी दानेश्वरीची," ते म्हणाले.

अंगणात कुणाच्या घशात चहा अडकला. सोमेशला वाटलं, अण्णांना वयामुळं घोटाळा झाला असेल. मग त्याच्या ध्यानात आलं. सरकार जाणार! त्याचं खरोखर त्या गाडीवर प्रेम होतं, हे कबूल करायला हवं. आप्पांच्या मांडीवर बसून त्यानं तिचं स्टिअरिंग धरलं होतं. जगात त्यानं कुणासाठी पहाटे उठून बादलीभर पाणी वाहिलं असेल तर ते तिच्यासाठी. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सोमेश," अण्णा म्हणाले, "वाडवणार का? वाडवायचं तर बोल. आदीचा आकडा सांग, मग पुडचा."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. तो उभा राहिला. दोन लाख म्हणायचं, तीन म्हणायचं, अगदी सात म्हणायचं, सारं त्याच्या जिभेवर होतं. पण त्याच्या आधी ते ऐंशी हजार उभे होते आणि त्यांना ओलांडून पुढं जायला वाट नव्हती. समोर पेठेतले ते तिघे व्यापारी बसले होते. त्याची मावशी बसली होती, जी एकटी एका वर्तमानपत्राचं काम करायची. 

"जाऊ द्या अण्णा," तो म्हणाला, "बाईमानसाचं मन कशाला मोडायचं. घेऊ द्या तिला."

"वाऽ!" व्यापारी म्हणाले. मावशीनं डोळे पुसले. कुणीतरी टाळीही वाजवली. सोमेश मान खाली घालून उभा राहिला आणि लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटला.

किल्ली घ्यायला दानेश्वरी जवळ आली. तिच्या भावानं तोवर ड्रायव्हर बोलावला होता. किल्ली हातात पडली तरी ती हलली नाही. ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, तुमी लोकांत अकराशे एक बोलायचा आन् पाकिटात एकशे एक घालायचा. चौदा वर्सं आहेराची पाकिटं चिकटवली ती मीच की. झाकलेल्या जागी तुमचा हात किती सुटतो, ते मला सोडून कुणाला ठावं असणार?"

"किती... किती दाबलंस तू?" सोमेशनं विचारलं.

"कळंल की पाकिटातनं," ती म्हणाली.  "माज्या पाटल्यांचं एकदा तरी नाव काडलं असतं ना, तर मी बोटच लावलं नसतं."

ती मागच्या सीटवर बसली. डोक्याला चांगलं चपचपीत तेल होतं. तिनं मान मागं टेकवली आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

दोन दिवसांनी तिच्या भावानं पाकीट आणून दिलं. आत पंचेचाळीस हजार होते. म्हणजे तिनं नव्वद दाबले होते. एक बोट जास्त. सोमेश पाकीट मांडीवर घेऊन बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. त्याला रडावंसं वाटलं, पण तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं.

"मग, किती आलं वाट्याला?" गिऱ्हाइकानं डाळ निवडता निवडता विचारलं.

"आट लाख," सोमेश म्हणाला. तोंडाला सवयच तशी होती.

संध्याकाळपर्यंत ते पेठभर झालं. सोमेशला आठ मिळाले, म्हणजे दानेश्वरीनं सोळा मोजले! सोळा लाखांची बाई! जी बँक तिला कर्ज देताना कुरकुरत होती, तिथला साहेब म्हणे स्वतः कुंभारीला जाऊन चहा पिऊन आला. तिच्या कडक भाकरीची पाकिटं आता सरकारच्या मागच्या सीटवरून पुण्याच्या बसला चढवायला जात होती आणि सीटभर शेंगाचटणीचं तेल मुरत होतं. जो भेटेल तो सोमेशला म्हणायचा, "लई मोटं काळीज बाईचं!" आणि सोमेशला मान डोलवावी लागायची. नाही म्हणायचं तर कशाच्या बळावर म्हणणार?

आठवड्याभरात सिद्धलिंग दुकानात आला. हातात ज्वारीच्या हुरड्याची पिशवी होती. ती त्यानं गल्ल्याजवळ ठेवली, पाणी प्याला आणि पोत्यावर बसला.

"दादा, आट लाख आलं म्हणं."

सोमेश तराजू पुसायला लागला.

"गाडी मी मागितली न्हवती," सिद्धलिंग म्हणाला. "पण गाडी आप्पांची हुती. गाडी कापून वाटता येत न्हाय, ते खरं. पैसं येतात की."

तेवढ्यात शेजारचा व्यापारी तंबाखू मळत येऊन उभा राहिला. "बरोबर हाय त्याचं," तो म्हणाला. "सोमेशचं मन मोटं हाय, द्यायला मागं फुडं बगायचा न्हाय तो."

पाकीट गल्ल्यातच होतं. नुसतं काढून समोर टाकलं असतं तरी भागलं असतं. सोमेशनं गल्ला उघडला. आत हात घातला. शेजारी आणि भाऊ, दोघंही त्या हाताकडं बघत होते. पाकिटाला बोटं लागली आणि तशीच बाजूला सरकली. हात बाहेर आला तो चेकबुक घेऊन.

"चार लाखाचा एकच लिहू का दोन?" त्यानं विचारलं.