नाव घातलेली गिटार

वैजनाथने आपल्या वाद्यांच्या दुकानात गिटार काउंटरवर पालथी घातली आणि मागच्या लाकडावर अंगठा फिरवला. भांड्यांवर असतात तशी, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचलं, ‘सौ. सुवर्णा अश्वजित तायडे हिला सासूबाईंकडून भेट.’

“मावशी, हे कोणी केलं?”

“बाजारातल्या भांडेवाल्यानं,” रुख्मिणी म्हणाली. “तो नाहीच म्हणे. लाकडावर मशीन चालवली नाही म्हणे कधी. म्या म्हटलं, चालव, पितळेपक्षा नरमच हाय.”

“पण काऊन?”

“काऊन म्हंजे? घरात नवी वस्तू आली का नाव घालतेतच. आमच्या घरी पळीवरबी नाव हाय.”

वैजनाथ हसू दाबत म्हणाला, “आता ही वापस घेऊन मी कोणाले विकू? सुवर्णा अश्वजित तायडे नावाची दुसरी बाई शोधू काय?”

रुख्मिणीच्या शेजारी तिची सून सुवर्णा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. संग्रामपूरहून नांदुऱ्यापर्यंत एसटीत तिने गिटार मांडीवर उभी धरून आणली होती आणि वाटेत ती चकार शब्द बोलली नव्हती. आता हळूच म्हणाली, “राहू द्या आत्याबाई. चाला घरी. तशीच ठेवू.”

“तशीच काऊन ठेवाची? शोभेले?”

शोभेला ठेवण्यासाठी रुख्मिणीने गिटार घेतली नव्हती. ही सून घरात आल्यापासून तिने कधी काही मागितलं नव्हतं. ना साडी, ना डोरलं. या वर्षी विहारातल्या बायांच्या गाण्यात बसू लागली, रोज मोबाईलवर कोणी पोरगी गिटार वाजवताना बघू लागली. नातीने विचारलं, आई, तुला काय पाहिजे, तर ही हसून म्हणाली, हे. रुख्मिणी दाराआड होती. पुढच्याच आठवडी बाजारात तिने आपली बोकडं विकली. गिटार घरी आली तेव्हा सुवर्णाने ती कितीतरी वेळ नुसती पोटाशी धरून ठेवली. आणि आता पंधरवड्यापासून ती पलंगाखाली पडून होती. विचारलं तर म्हणे, वाजत नाही. रुख्मिणीला आपली भेट अशी पलंगाखाली गेलेली बघवत नव्हती.

वैजनाथने गिटार उचलली, कानाजवळ नेऊन खुंट्या पिळल्या आणि वाजवली. पेट्या आणि ढोलक्यांनी भरलेलं ते दुकान क्षणभर सुराने भरून गेलं.

“आँ!” रुख्मिणी पुढे झुकली. “इथं वाजली. मंग घरी काऊन नाही वाजत?”

“तेच पाहू. वहिनी, तुम्ही कशी वाजवता, दाखवा बरं.”

सुवर्णा स्टुलावर बसली. तिने सासूकडे एकदा पाहिलं, गिटार मांडीवर घेतली आणि उजवा हात तारांवरून फिरवला. आवाज अडखळत आला आणि मध्येच बसला. तिचा हात दुसऱ्याच्या घरात काम करावं तसा अवघडला होता.

“घरी अशीच धरता?”

सुवर्णाने मान हलवली.

“खोटं काऊन बोलतं वं?” रुख्मिणी म्हणाली. रागाने नव्हे, नवल वाटून. “घरी तं गिटारीचा शेंडा या अंगानं असते.” तिने सुनेच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. “ज्वारीच्या कोठीले टकटक लागते. म्या फटीतून पाह्यलं ना.”

सुवर्णाने तारांवरचा हात उचलला.

“फिरवून धरा,” वैजनाथ म्हणाला.

तिने सावकाश गिटार फिरवली. खांदे खाली आले. डावा हात तारांवर असा उतरला की जणू त्याला जागा माहीतच होती. बोटं सैल पडली, मनगट हललं. निघालेला सूर मात्र वेडावाकडा होता.

“हं!” वैजनाथने काउंटरवर थाप मारली. “गिटारीत काही खोट नाही, मावशी. वहिनी डावऱ्या आहेत. ही उजव्या हाताची गिटार. फिरवली का जाड तार खाली अन् बारीक वर. मोबाईलवाल्या पोरीसारखी वाजंन कशी?”

सुवर्णाने डावा हात तारांवरून काढून पदराखाली घेतला. जुनी सवय असावी तसा तो आपोआप तिथे गेला.

रुख्मिणी त्या पदराकडे पाहत राहिली.

“डावरी?”

सुवर्णाने पदर आणखी ओढून घेतला.

“मंग ते धुणं,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “तू पिळलेलं धुणं उलट्या पिळाचं असते. मले वाटे, तुह्या माहेराकडं तसंच पिळत असतीन.” मग सुनेकडे वळून, “वाढतं तं उजव्या हातानंच.”

“माईनं बजावलं होतं,” सुवर्णा म्हणाली. “तुम्ही मले पाहाले आल्या तव्हा. चहाचा ट्रे उजव्या हातानं दे, नाही तं पसंत करणार नाहीत म्हणे.”

“तव्हाचं ठीक हाय. मंग सांगाचं होतं ना.”

“सांगणार होती. पण मी आल्यावर तुम्हीच म्हणाल्या, शेजारची बाई डाव्या हातानं वाढते, तिच्या घरी जेवल्यासारखं वाटतच नाही.”

रुख्मिणीचं तोंड उघडं राहिलं. आपण असं म्हणालो होतो का, हे तिला आठवेना. पण शेजारची बाई आठवली आणि आपण ते म्हणालो असणार, हे समजलं. तिने उगाच एका तबल्यावरची धूळ पुसली.

वैजनाथने सुवर्णाच्या मांडीवरची गिटार उचलली. “मी असं करतो. तारा उतरवून उलट्या चढवतो. तारा टेकतेत त्या वरच्या पट्टीच्या खाचाबी बदलून देतो. थोडा फरक राहीन, पण शिकण्यापुरतं झकास. तास-दोन तास लागतीन.”

“तारा उलट्या लागतेत?”

“हाव, लागतेत ना.”

“मंग तव्हाच काऊन नाही लावल्या?”

“मावशी, मले काय माहीत कोणाच्या हातात जाणार हाय? तुम्हीच घेऊन गेल्या. तुम्ही विचारलं नाही, म्या विचारलं नाही.”

तारा चढेपर्यंत रुख्मिणी सुनेला घेऊन बाहेर पडली.

दोघी स्टॅंडवर येऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसल्या. स्टेशनाकडून गाडीची शिटी आली. सुवर्णाने पिशवीतून फडकं काढलं, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा मध्ये मांडला. तिने उजव्या हाताने भाकरीचा अर्धा भाग सासूपुढे ठेवला आणि स्वतः खाली मान घालून खाऊ लागली. रुख्मिणी काहीतरी बोलेल, म्हणून ती प्रत्येक घासाआधी थांबत होती.

रुख्मिणीने मात्र उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हाताने भाकर मोडू लागली. भाकर सरकली. तिने ती गुडघ्याशी दाबली, तेव्हा कुठे एक वेडावाकडा तुकडा निघाला. ठेचा लावताना अर्धा फडक्यावर सांडला. घास तोंडाजवळ गेला तो आधी गालाला लागला. समोरच्या बाकावरची बाई चहा पिता पिता थांबून पाहू लागली.

“आत्याबाई, काय करून राह्यल्या?” सुवर्णा घाबरून कुजबुजली. “हात दुखते काय? लोक पाहून राह्यले ना.”

“पाहू दे.”

“पण काय करून राह्यल्या?”

“कसं वाटते ते पाहून राह्यली.”

तिने दुसरा तुकडा मोडायला घेतला. तो पहिल्याहून लहान निघाला आणि तिच्या बोटांतून निसटून लुगड्यावर पडला. तिने तो उचलला, पुन्हा डाव्याच हाताने, आणि सुनेकडे न बघता विचारलं, “सांग ना वं, आधी अंगठा लावाचा का बोटं?”