पलंगाखालचा भुसा

"मॅडम, या किड्याला व्हिसा दिला कुणी?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता बघा, शाळेच्या भरल्या हॉलमध्ये माईक हातात! सगळे खो-खो हसले. बाहेरून आलेल्या या किड्याची माहिती द्यायला आलेल्या वनखात्याच्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

"लाकडाने," त्या म्हणाल्या. "सीमेपलीकडून माल येतो ना, त्या खोक्यांच्या कच्च्या फळ्यांतून. आत अळी असते. ती लाकूड पोखरून भुसा पाडते, मग किडा होऊन गोल भोकातून उडून जातो. जवळच्या झाडात."

"मग?"

"मग आसपासचं प्रत्येक झाड तोडून जाळायचं. नाहीतर डोंगरावरचं अख्खं जंगल गेलं समज."

मैत्रिणी माझी पाठ थोपटत होत्या आणि मला माझा पलंग आठवत होता. बाबा सीमेवरच्या गोदामात माल उतरवतात. माझा पलंग त्याच खोक्यांच्या फळ्यांचा. बाबांनी स्वतः ठोकलेला, उशाशी पुस्तकांना कप्पा! रोज मी त्याखालचा भुसा झाडते. "नवं लाकूड आहे, झडणारच," म्हणतात बाबा.

घरी आले ती थेट पलंगाखाली शिरले. पेन्सिल जाईल एवढी भोकं. मग मागच्या दारी, आईच्या अक्रोडाच्या बागेत. कडेचं झाड वाळतंय म्हणून आई हल्ली त्याला जास्तच पाणी घालते. त्याच्या बुंध्याशी तसाच भुसा.

बाबा आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ते पलंगावर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले.

"हळू बोल, टकळे. पलंग आत्ता जाळतो. विषय संपला."

"आणि झाड?" आई म्हणाली. "मग त्याच्या शेजारचं? अहो, कुठवर जाळणार?"

आई माझ्याकडे वळली. "इथे नुसता माळ होता गं. एकेक रोप डोक्यावरून आणलंय मी. आपण बोललोच नाही, तर कुणाला कळणार आहे?"

एवढी बोलायला शिकले, आणि नेमकं हेच बोलायचं नशिबी आलं.

"आई, भोकं रिकामी आहेत, किडे कधीच उडून गेलेत. गप्प बसलो तरी बाग वाचत नाही, वर जंगलही जातं." माझा आवाज फाटला, तरी थांबले नाही. "बाबा, पलंग जाळू नका, मॅडमना तो बघू दे. उद्या शाळेतून येताना मी वनखात्यात जाऊन त्यांना घरी घेऊन येणार आहे."