डब्यात अडकलेली हाक

बाबांना तो डबा टाकून द्यायचा नव्हता, आणि ठेवायचा कशासाठी हेही त्यांना सांगता येत नव्हतं. टीव्हीखालच्या फळीवर तो काळा, चपटा, साबणाच्या वडीहून जरासा मोठा स्ट्रीमिंगचा डबा निळा दिवा लुकलुकवत वर्षानुवर्षं पडून होता. ज्या कंपनीने तो विकला होता तिने कधीच गाशा गुंडाळला होता. टीव्हीवर डब्याचं बटण दाबलं की एक गोल फिरताना दिसे आणि खाली अक्षरं येत, ‘जोडणी सुरू आहे, कृपया थांबा.’ येता-जाता नजर गेली की बाबा म्हणत, “थांबलोय रे बाबा, थांबलोय.”

आई गेल्यावर घर जरा रिकामं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा टकळी तो डबा उघडायला बसली.

टकळी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तोंडाची टकळी क्षणभर थांबत नसे म्हणून आईनेच ठेवलेलं. आता ती एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचण्या घ्यायचं काम करत होती. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं. दिवसदिवस तिला कुणाशी बोलावं लागत नसे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिने स्क्रू काढले तेव्हा आत्या समोरच बसली होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. भावाचं दुःख हलकं करायला ती रोज येई आणि सगळ्यांना फैलावर घेऊन जाई.

“एवढं शिकवलं दादाने, आणि शेवटी भंगार उपसायला बसलीस होय?”

“आत्या, तो प्रकाश अडवू नकोस. जरा सरक.”

“सरकते. तुझी आई असती तर म्हणाली असती, टेबल जेवायचं आहे.”

“हो, आणि मग तुझा ‘टेबल’चा उच्चार सुधारला असता.”

आत्या हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. आईने पहिलीच्या वर्गाला शिकवत उभा जन्म काढला होता, आणि वर्ग सुटला तरी तिची शाळा सुटत नसे. दूधवाला असो, जावई असो, नणंद असो. चुकीचा उच्चार कानावर आला की “अंहं” म्हणून ती बोट उचली. पुढचं काही बोलायची गरज पडत नसे. समोरचा मुकाट्याने शब्द पुन्हा म्हणे.

मग एका सकाळी अंथरुणातून उठताना तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन वर्षं ती खुर्चीत बसून होती. डॉक्टरांनी वाचेच्या उपचारासाठी एक बाई पाठवली होती. त्या बाईंनी कपाचं, दाराचं, चेंडूचं चित्र समोर धरलं की आई डाव्या हाताने ते कार्ड उलटं ठेवी आणि तोंड भिंतीकडे वळवी. “जमेल त्यांना,” बाई म्हणाल्या होत्या, “पण प्रयत्नच करत नाहीत.” पुढे त्या यायच्या थांबल्या. आई गेली तेव्हा घरातल्या कुणी तिच्या तोंडून एक अक्षर ऐकलं त्याला कितीतरी काळ लोटला होता.

आणि त्याआधीचा आवाज? तो कुठेच उरला नव्हता. फोनवर ती तासभर बोले, पण रोजचं बोलणं कोण साठवून ठेवतं? लग्नाच्या एका व्हिडिओत ती ओठ हलवताना दिसत होती, पण वर बँड वाजत होता. टकळीने जुने फोन, सीडी, सगळं पालथं घातलं. मग इंटरनेटवर अशाच डब्यांशी झटापट करणाऱ्या एकाचं लिखाण तिच्या वाचनात आलं. या डब्याच्या रिमोटवर माइकचं बटण होतं. ते दाबून माणूस जे बोलेल ते डबा आधी आपल्या पोटात लिहून ठेवी, मग कंपनीकडे धाडी, आणि धाडलं तरी त्याची प्रत लगेच पुसत नसे. आणि आई तर त्या डब्याशी भांडायची. “जुनी गाणी लाव म्हटलं मी, जुनी गाडी नव्हे! कान तपासून घे.”

तो आवाज आत असेल. बाबांना एवढंच सांगितलं होतं तिने. त्या दिवसापासून बाबा दाढी करू लागले होते.

पण आत शिरायचं कसं? डब्याचा मालक कुणीही असो, आतल्या वस्तूंवर हक्क कंपनीचा. तिथवर जायचं तर रूट म्हणजे घरधन्याचा अधिकार मिळवावा लागतो. त्याची एक सोपी वाट होती, पण त्या वाटेने कुलूप उघडताना डबा आधी सगळी साठवण धुऊन टाकतो. म्हणून तिने अवघड वाट धरली. आतल्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके होते. त्यांना तीन बारीक तारा डाग देऊन जोडायच्या, तारांची दुसरी टोकं लॅपटॉपला, आणि डबा जागा होत असतानाच, तो पुरता शुद्धीवर यायच्या आत, त्याला अडवायचं. डब्याची स्मृती म्हातारी झाली होती. प्रत्येक वेळी चालू करताना तो पुन्हा उठेल याची खात्री नव्हती.

तिसरी तार बसली. तिने वीज दिली. टीव्हीवर कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थिजलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ येऊन अडली. ती श्वास रोखून बघत होती, तेवढ्यात शेजारून बाबांचा हात पुढे आला. हातात दात कोरायची काडी होती.

“बाबा, नको!” तिने त्यांचं मनगट धरलं.

“अगं, अडकलाय तो. त्या मागच्या भोकात काडी घालून दाबून धरायची, की येतो ठिकाणावर. आम्ही नेहमी तेच करायचो. तुझ्या आईनेच शोधून काढलं होतं ते.”

“नेहमी?”

“म्हणजे गोठला की. नुसती टोचून लगेच काढली तर नुसताच बंद होऊन चालू होतो. जास्त वेळ धरायची.”

टकळीने त्यांचं मनगट सोडलं नाही. “शेवटची कधी घातली होतीत काडी?”

बाबांनी आठवून पाहिलं. “आईला दवाखान्यातून घरी आणली ना, तेव्हा. म्हटलं, जरा विरंगुळा होईल तिला. बघतो तर हे गोलच फिरतंय. मग घातली. चांगली दाबून धरली. पण कंपनीच बुडालेली, काडी काय करणार? काही झालं नाही त्याने.”

“हं,” टकळी म्हणाली.

“का गं?”

“काही नाही. चहा टाकता का थोडा?”

बाबा काडी टेबलावर ठेवून चहा टाकायला गेले. आत्या त्यांच्यामागे गेली, कारण दादाच्या हातचा चहा तिला पाणचट लागे. टकळी त्या काडीकडे बघत राहिली. जास्त वेळ दाबलं की डबा कोरा होतो. सगळं धुऊन, पुसून, दुकानातून आणल्यासारखा. जुनी गाणी, जुनी गाडी, सगळं त्या दुपारीच गेलं होतं.

तरी तिचे हात थांबले नाहीत. रिकामी खोली रिकामी आहे हे दार उघडून बघितल्याशिवाय तिच्या कामात कुणी लिहून देत नसे. तिने वीज तोडली, पुन्हा दिली, आणि या खेपेला वेळ साधली. डबा अर्धवट झोपेत असताना तिने त्याला आपल्या हुकमाने उठवलं. ओळी सरसर खाली पळाल्या आणि थांबल्या. ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह असतं तोवर माणूस पाहुणा. त्या जागी हॅशचं, चार काड्या एकमेकींवर ठेवल्यासारखं चिन्ह आलं, म्हणजे घर आपलं. इथून पुढे काहीही उघडा, काहीही पुसा, “नक्की ना?” म्हणून विचारणारंही कुणी नसतं.

तिने आवाजांचा कप्पा उघडला.

तो रिकामा नव्हता.

फाइलींना क्रमांक होते, अगदी पहिल्यापासून. तारखा मात्र सगळ्यांच्या एकच, डबा कारखान्यातून निघाला त्या वर्षाच्या. त्याचं घड्याळ कंपनीकडून वेळ घेई. कंपनी गेली आणि डब्याची वेळही थांबली. पण पुसल्यानंतर, बंद कंपनीच्या त्या फिरत्या गोलासमोर, कुणीतरी माइकचं बटण दाबलं होतं. पुन्हा पुन्हा. आणि डबा ते सगळं कंपनीकडे धाडायची वाट बघत जपून बसला होता.

टकळीने हेडफोन कानाला लावला.

पहिल्या फाइलीत नुसता श्वास होता. दुसरीतही. मग एक घोगरा स्वर, “अ,” आणि लगेच बटण सुटल्याचा खटका. मग “अ… अ…” आणि मागे नळाचं पाणी. एका फाइलीत खुर्चीच्या हातावर आपटलेला तळवा आणि त्यानंतर असं काहीतरी जे टकळीला शेवटपर्यंत ऐकवेना. आणि त्याच्या पुढच्याच फाइलीत, नाकातून, स्वच्छ, जसा पहिलीतल्या पोराला म्हणायची तसा:

“अंहं.”

आई स्वतःला दुरुस्त करत होती. माणसांसमोर मुकी बसलेली आई. जिने सगळ्यांच्या जिभा सरळ केल्या तिला आपली वाकडी जीभ कुणाला ऐकू द्यायची नव्हती. म्हणून बाबा आत गेले की ती डाव्या हाताने रिमोट उचली आणि जो कधी हसणार नाही, कधी कीव करणार नाही, त्याच्यासमोर धडे गिरवी. बाबांना वाटे, चुकीचा रिमोट घेऊन बसते बिचारी. “राहू दे, तेवढाच चाळा,” असं ते फोनवर सांगत. “मग कंटाळली एक दिवस,” असंही त्यांनीच सांगितलं होतं. “रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला. पुन्हा मागितला नाही.”

“अ… ओ.” “अंहं.” “अ… हो… ओ.” “अंहं.”

कप नव्हे, दार नव्हे, चेंडू नव्हे. एकच शब्द. सगळा संसार ज्या शब्दाने हाका मारण्यात गेला होता, तो. “अहो, दार लावलंत का?” “अहो, टकळीचा फोन आहे.” “अहो, ऐकलंत का?”

शेवटची फाइल उरली. तिच्यात आधी थोडी शांतता होती. मग आई म्हणाली,

“अहो.”

अगदी नीट. किंचित खरखरीत, पण नीट. त्यापाठोपाठ “अंहं” आलं नाही. बटण दाबलेलंच होतं. ती हाक आत ऐकू जावी म्हणून ती बहुधा मोठा श्वास घेत होती. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, फोनवर बोलताना ते चढवत तसा:

“नाही गं टकळे, ती आता नाही बोलायची. बोलणं सोड, तिला काही कळतही नाही. टीव्हीसमोर बसवली की बसते. आता काय, जितके दिवस आहेत तितके.”

घेतलेला श्वास तसाच सुटला. मग खटका. त्यापुढे फाइल नव्हती.

आपण त्या दिवशी फोनवर काय उत्तर दिलं होतं, ते टकळीला कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

“सापडलं का गं काही?” बाबा चहा घेऊन दारात उभे होते. मागे आत्या होती.

“सापडलं. थोडंच आहे.”

“तिचं?”

“तिचंच. बाबा, आधीचं काही उरलं नाही. कंपनीने सगळं पुसलं.” काडी तिने केव्हाच चादरीच्या घडीत सरकवली होती. “जरा थांबा. नीट करून देते.”

शेवटची फाइल तिने लॅपटॉपवर घेतली, आवाजाची रेघ मोठी केली. शब्द म्हणजे दोन छोट्या टेकड्या होत्या. त्यांच्यापुढे सपाट पट्टी, आणि मग बाबांच्या वाक्यांची दाट, काटेरी रांग. तिने सपाट पट्टीच्या मध्यावर काप घातला आणि पुढचं सगळं काढून टाकलं. आईने घेतलेला तो मोठा श्वासही त्यात गेला. तो वाचवता आला नाही.

“आईला बोलता येत होतं का?” बाबांनी विचारलं.

“ऐका.”

तिने हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला.

“अहो.”

“काय गं?” बाबांनी ओ दिली.

लॅपटॉपकडे न बघता दिली. मान वळली ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे. आत्याने तोंडावर पदर घेतला. बाबा तसेच खुर्चीकडे बघत उभे राहिले, हातातला कप तिरपा झाला, चहा बशीत सांडला.

“पुढे?” ते म्हणाले.

“एवढंच आहे, बाबा.”

“असं कसं? हाक मारली म्हणजे पुढे काहीतरी म्हणायचं असणार. नुसती हाक कोण मारतं?”

बाबा खुर्ची ओढून टेबलाशी बसले. “पुन्हा लाव,” म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा ओ दिली, तितक्याच लगबगीने, आणि कान पुढे करून वाट बघत राहिले.

उघड्या डब्यातली पुरी फाइल अजून जिवंत होती. पडद्याच्या कोपऱ्यात चार काड्यांचं ते चिन्ह हुकमाची वाट बघत उघडझाप करत होतं. टकळीने बाबांच्या अंगावरून हात नेऊन ती पुसायची एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. डब्याने काहीही विचारलं नाही.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.